बास बोट बदलायची, पण कशासाठी?

जानेवारी उजाडला की अमेरिकेतल्या शहराशहरांत बोट शो भरू लागतात. गळ टाकायचा नाद असलेला माणूस त्या चकचकीत रांगांमधून एक फेरी मारून बाहेर पडतो तेव्हा घरच्या बोटीत त्याला कालपर्यंत न दिसलेले दहा दोष दिसायला लागलेले असतात. १०-१५ वर्षांपूर्वी घेतलेली १६-१७ फुटी ॲल्युमिनियमची बास बोट, म्हणजे बास मासे पकडायची बोट, तशी बरी चाललेली असते. पण गालिचा विटलाय, मोटर सुरू व्हायला कुरकुर करते, शेजारच्या बोटीवर मोठा पडदा आलाय, आणि विक्रेता जुनी बोट पदरात घेऊन नवी द्यायला तयार आहे. अशा वेळी हप्ता किती बसतो एवढंच विचारून सही करण्याआधी एक प्रश्न सोडवावा: आपण नेमकं काय बदलायला निघालोय? माझ्या मते बोट बदलण्याचं रास्त कारण एकच. बोटीचं धड, म्हणजे हल, आतून खलास झालेलं असावं, किंवा तुमच्या पाण्याला आणि तुमच्या माणसांना ते पुरत नसावं. बाकी ज्या गोष्टींसाठी जीव नव्या बोटीवर जातो, त्या जवळजवळ सगळ्या जुन्या बोटीवर बसवता येतात आणि उद्या नवी बोट घेतलीच तर काढून नेताही येतात.

हे पटकन लक्षात येत नाही, कारण बास बोट आपण एकगठ्ठा विकत घेतो. त्याला इतिहास आहे. मिसूरीतल्या स्प्रिंगफील्डच्या बास प्रो शॉप्सचे जॉनी मॉरिस यांनी १९७८ साली ‘बास ट्रॅकर’ बाजारात आणली ती बोट, इंजिन आणि ट्रेलर एकाच किमतीत बांधून. धड एकीकडून, इंजिन दुसरीकडून अशी जमवाजमव करण्याचा गिऱ्हाइकाचा त्रास वाचला आणि ॲल्युमिनियमची बास बोट मध्यमवर्गीय घराच्या अंगणात आली. सोय मोठीच झाली. पण तेव्हापासून आपल्याला बोट ही एकच वस्तू वाटते, आणि तिचा एक अवयव थकला की सगळी बोटच म्हातारी झाली असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात या गठ्ठ्यातल्या प्रत्येक वस्तूचं आयुष्य वेगळं. ॲसिडवाल्या बॅटऱ्या तीन ते पाच वर्षांत मान टाकतात. सोनारचा, म्हणजे पाण्यातले मासे दाखवणाऱ्या यंत्राचा, पडदा बिघडण्याआधीच जुना ठरतो. इंजिनाचं वय वर्षांवर कमी आणि तासांवर, निगेवर जास्त ठरतं. छपराखाली ठेवलेलं, गोड्या पाण्यातच वापरलेलं ॲल्युमिनियमचं धड मात्र ३० वर्षांनीही ठणठणीत असू शकतं. तेव्हा पहिलं काम म्हणजे मनातल्या मनात हा गठ्ठा सोडणं.

सुरुवात विजेच्या सामानापासून करू, कारण नव्या बोटीवरच्या माणसाला जास्त मासे का लागतात याचं उत्तर बहुधा तिथेच असतं. गेल्या १०-१५ वर्षांत बासच्या मासेमारीत खरी उलथापालथ झाली ती दोन गोष्टींनी. एक, उपग्रहाच्या मदतीने बोट वाऱ्यात जागच्या जागी धरून ठेवणारी ट्रोलिंग मोटर. आणि दुसरी, पुढच्या पाण्यातला मासा हलताना दाखवणारा सोनार. गार्मिनचा ‘लाइव्हस्कोप’ २०१८ साली आला आणि मागोमाग इतरांचेही आले. या दोन्हींना बोटीच्या वयाशी काही देणंघेणं नाही. २००८च्या बोटीच्या नाकावर ती मोटर तशीच बसते आणि तसंच काम करते. बॅटऱ्यांचं म्हणाल तर ट्रोलिंग मोटरची मोठी ॲसिड बॅटरी साठ-सत्तर पौंडांची असते, तेवढंच काम करणारी लिथियमची २५-३० पौंडांत होते. २४ व्होल्टच्या मोटरला अशा दोन लागतात, म्हणजे सत्तरेक पौंड वजन बोटीतून उतरतं आणि तिची चाल लगेच सुधारते. हे काम घाईने करू नये. जुन्या बोटीत नाकापर्यंत ओढलेली वायर पुष्कळदा बारीक असते. मोठी मोटर लावली की ती तापते, शक्ती वाटेतच जिरते, आणि दोष मोटरला दिला जातो. जाड वायर टाका, बॅटरीजवळ योग्य क्षमतेचा ब्रेकर बसवा, चार्जर लिथियमला चालणारा घ्या. मिशिगन किंवा न्यू जर्सीच्या थंडीत बोट गॅरेजमध्ये असेल तर आणखी एक पथ्य: पारा गोठणबिंदूखाली असताना लिथियम बॅटरी चार्ज करायची नाही.

इंजिनाचा निर्णय याहून अवघड आहे. जुनं दोन-स्ट्रोक इंजिन धूर काढतं, आवाज करतं, म्हणून ते संपलं असं नाही. मेकॅनिककडून कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. सगळ्या सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असतील तर इंजिनाचं पोट साफ आहे. खालच्या गिअरचं तेल काढून पाहा. दुधाळ निघालं तर सील गेलंय आणि पाणी शिरतंय, पण ती दुरुस्ती आहे, अंत्यविधी नाही. सुरू व्हायला कुरकुर करणाऱ्या मोटरची तक्रार पुष्कळदा इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची निघते. दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल चालतं, पण ते हिवाळाभर टाकीत पडून राहिलं तर पाणी धरतं. पंधरा टक्क्यांचं तर बोटीच्या इंजिनात घालायचंच नाही. जुन्या इंजिनाचे सुटे भाग मिळणं अवघड होतं, हा आक्षेप मात्र खरा आहे. बीआरपी कंपनीने मे २०२०मध्ये एव्हिनरूड इंजिनं बनवणं थांबवलं. तसं इंजिन तुमच्याकडे असेल तर तुमच्या गावात त्याचा जाणकार मेकॅनिक उरलाय का, हे आजच विचारून ठेवलेलं बरं. आणि इंजिन खरोखरच गेलं असेल, तरी बोट जाते असं नाही. धड चांगलं असेल तर नवं चार-स्ट्रोक बसवता येतं. फक्त आधी बोटीवरची क्षमतेची पट्टी वाचा. २० फुटांखालच्या बोटींवर जास्तीत जास्त किती माणसं, किती वजन आणि किती हॉर्सपॉवर हे लिहिलेली पट्टी असते, आणि तो आकडा ओलांडला तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. वजनही पाहा. मर्क्युरीचं आजचं ६०चं चार-स्ट्रोक २४७ पौंडांचं, ११५चं ३५९ पौंडांचं. तेवढ्याच ताकदीच्या जुन्या दोन-स्ट्रोकपेक्षा नवं इंजिन बहुधा जड भरतं, आणि तो सगळा भार बोटीच्या पाठफळ्यावर, ट्रान्समवर येतो. इंजिनात घातलेले पैसे बोट विकताना पूर्ण वसूल होत नाहीत, हेही उघड सांगायला हवं. सात-आठ वर्षं तीच बोट ठेवणार असाल तरच हा खर्च शोभतो. दोन वर्षांत विकायचा विचार असेल तर नको.

आता धड. इथे मात्र हातचं राखून तपासू नये, कारण लेखाची सगळी मदार याच तपासणीवर आहे. ॲल्युमिनियम गंजत नाही म्हणतात ते अर्धंच खरं. ते लोखंडासारखं गंजत नाही, पण दुसऱ्या धातूच्या संगतीत ओलं राहिलं की खाल्लं जातं. अनेक जुन्या ॲल्युमिनियम बोटींच्या ट्रान्सममध्ये आणि डेकखाली प्लायवूड असतं. लाकूड कुजू नये म्हणून त्यात तांब्याचं मिश्रण मुरवलेलं असेल आणि ते ओलं होऊन पत्र्याला चिकटून राहिलं, तर तांबं ॲल्युमिनियमला पोखरतं. वरून रंग शाबूत आणि आत पांढरी भुकटी, असा प्रकार असतो. म्हणून ट्रान्समवर छोट्या हातोडीने सगळीकडे टकटक करत जावं. खणखणीत आवाज मध्येच बद्द झाला तर तिथलं लाकूड गेलेलं आहे. मग इंजिन थोडं वर उचलून त्याच्या खालच्या टोकाला धरून वरखाली जोर द्यावा. इंजिन आपल्या जोडावर हलणं वेगळं आणि ट्रान्समचा पत्रा वाकणं वेगळं. दुसऱ्या कुणाला तरी मागे उभं करून पत्र्याकडे बघायला सांगावं. इंजिनाच्या बोल्टांभोवती आणि कोपऱ्यांतल्या वेल्डवर केसासारख्या चिरा शोधाव्यात.

रिव्हेटची बोट असेल तर आणखी एक जुनी, बिनखर्चाची परीक्षा आहे. बोट ट्रेलरवरच ठेवायची, तळाची बुचं लावायची आणि मागच्या भागात तीन-चार इंच पाणी भरायचं. एक घनफूट पाणी ६२ पौंडांचं असतं, म्हणून जास्त भरायचा मोह टाळा आणि ट्रेलरच्या क्षमतेकडे लक्ष ठेवा. मग बोटीखाली आडवं होऊन कोरड्या फडक्याने रिव्हेटच्या रांगा पुसत जायचं. जिथे पुन्हा थेंब जमतो तिथे खडूने खूण करायची. पाच-दहा रिव्हेट पाझरत असतील तर ते ठोकून किंवा बदलून काम होतं. तळाच्या मधल्या पट्टीला अख्खी रांग पाझरत असेल आणि शेजारचा पत्रा खड्डे पडल्यासारखा लागत असेल, तर मात्र ठिगळं लावण्यात अर्थ नाही. तिसरी परीक्षा वजनाची. बोटीत पाणी भरलं तरी ती तरंगावी म्हणून डेकखाली फोम भरलेला असतो, आणि वर्षानुवर्षं पाणी साचत राहिलं तर काही फोम ते पिऊन बसतात. हायवेवरच्या ट्रक स्टॉपच्या काट्यावर थोड्या डॉलरांत गाडी आणि ट्रेलर तोलून मिळतात. त्या आकड्यातून गाडी, ट्रेलर, इंजिन, पेट्रोल आणि सामानाचं वजन वजा करून उरलेलं बोटीच्या मूळ वजनाशी ताडून पाहा. दोन-तीनशे पौंडांचा हिशोब लागत नसेल तर बोट गेल्या काही वर्षांत मंद का झाली, याचं उत्तर मिळालं. त्यात इंजिनाचा काही दोष नव्हता. कुजका ट्रान्सम, खाल्लेला पत्रा, पाणी प्यालेला फोम यांपैकी दोन गोष्टी सापडल्या तर मग घासाघीस नको. ती बोट पुढच्या माणसाला दोष सांगून, पडेल भावात द्या आणि नवी पाहा.

धड ठणठणीत असूनही अपुरं असू शकतं, आणि ते पाण्यावर अवलंबून आहे. न्यू जर्सीतल्या मनास्क्वान जलाशयात इलेक्ट्रिक मोटरच चालते. राउंड व्हॅलीत दहा हॉर्सपॉवरच्या आतलंच इंजिन. ज्याचे बहुतेक रविवार अशा ठिकाणी जातात त्याने ११५चं इंजिन मिरवण्यात हशील नाही. रॉलीजवळचा जॉर्डन लेक किंवा त्याच्या फाट्यांतलं आडोशाचं पाणी १७ फुटी बोटीला पुरून उरतं. टेक्ससच्या लेक फोर्कमध्ये तर पाण्याखाली उभी खोडं आहेत, तिथे पोचा पडला तरी न तडकणारं ॲल्युमिनियम हा गुणच आहे, आणि तिथे सुसाट जायचं कारणही नाही. उलट डेट्रॉइटजवळचा लेक सेंट क्लेअर घ्या. ४३० चौरस मैलांचा, पण इतका उथळ की वारा सुटला की तासाभरात आखूड, उभ्या लाटा एकामागून एक आदळायला लागतात. अटलांटाच्या लेक लॅनियरवर उन्हाळ्यातल्या शनिवारी वाऱ्याची गरजही नसते. मोठ्या बोटींच्या लाटाच पुरतात. अशा पाण्यात साडेसहा फूट रुंदीची, बुटक्या काठाची बोट आणि साडेसात फूट रुंदीची, उंच काठाची बोट यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक कुठलंही यंत्र बसवून भरून निघत नाही. लांबी, रुंदी, काठाची उंची, तळाचा आकार या गोष्टी कारखान्यात ठरतात आणि तिथेच संपतात. माणसांचंही तसंच. दोन मित्रांसाठी घेतलेल्या बोटीत आता बायको, दोन मुलं आणि भारतातून आलेले आजोबा बसणार असतील, तर पट्टीवरचा माणसांचा आकडा हाच निर्णय आहे. तिथे जुन्या बोटीची माया आड येऊ देऊ नये.

मोठी बोट म्हणजे जास्त मासे, हा समज मात्र या हिशोबात धरू नये. लार्जमाउथ बासचा जागतिक विक्रम, २२ पौंड ४ औंसांचा, जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी जॉर्जियातल्या मॉन्टगोमेरी लेकमध्ये केला, तो घरी ठोकून बनवलेल्या लाकडी होडीतून. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली; त्याला मागे कुणी टाकलेलं नाही. (पेरींच्या घरी तो मासा खाल्ला गेला. आज बासवाले मासा पकडून परत पाण्यात सोडतात, ते सुरमईवर वाढलेल्या माणसाला जरा जडच जातं. पण बोटीतली पाणी खेळतं ठेवणारी टाकी त्याचसाठी असते, आणि तिचा पंप चाळीस-पन्नास डॉलरांत बदलता येतो. त्यासाठी बोट बदलू नये.)

विक्रेत्याकडे यावर तयार उत्तरं असतात, आणि ती पोकळ नाहीत. पहिलं म्हणजे, भाव चढतच जाणार, आज घ्या. ॲल्युमिनियमवरचं अमेरिकी आयातशुल्क २०१८मध्ये १० टक्के झालं, मार्च २०२५मध्ये २५ आणि जूनमध्ये ५० टक्के, हे खरंच आहे. पण भाव चढतात तेव्हा तुमच्या जुन्या, धडधाकट बोटीचाही भाव चढतो. आणि भाव वाढेल या भीतीने घेतलेलं कर्ज भाववाढीहून महाग पडू शकतं. समजा २५,००० डॉलर ८ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतले. हप्ता २३९ डॉलरांचा, ऐकायला सोपा. एकूण भरणा ४३,००० डॉलरांचा. पाच वर्षांनी, १४,३०० डॉलर भरून झाल्यावर, अजून १९,७०० डॉलर देणं शिल्लक असतं, आणि तोवर बोट बाजारात तेवढ्याला जाईलच असं नाही. बोटीचा हप्ता घराच्या हप्त्यासारखा लांबवता येतो. बोटीची किंमत घरासारखी वाढत नाही. दुसरं उत्तर वॉरंटीचं. तिला मोल आहे, पण इंजिनाची वॉरंटी नव्या सुट्या इंजिनावरही मिळते, आणि सोनार-मोटरची त्यांच्या कंपन्या वेगळी देतात. मग नव्या बोटीबरोबर जी जास्तीची वॉरंटी मिळते ती धडाची. म्हणजे गाडी पुन्हा धडाशीच येऊन थांबली.

विक्रेता सहसा काढत नाही असा एक विषय घरच्या अंगणात उभा असतो. १७-१८ फुटी रुंद बोट, ११५चं इंजिन, ट्रेलर, भरलेली टाकी, बॅटऱ्या आणि सामान मिळून वजन अडीच-तीन हजार पौंडांच्या घरात जातं. सिएना व्हॅनची ओढायची मर्यादा ३,५०० पौंड आहे, तिला ते झेपतं. २०१९ ते २०२५च्या रॅव्ह-फोर हायब्रिडची मर्यादा १,७५० पौंड आहे, तिला नाही. म्हणजे बोटीबरोबर गाडीही बदलायची का? गॅरेज पुष्कळ घरांत वीसेक फूट खोल असतं. ट्रेलरची दांडी आणि मागचं इंजिन धरून बोट त्यात मावते का, टेप घेऊन मोजा. मावली नाही तर ती ड्राइव्हवेत ठेवायला सोसायटीचे, म्हणजे एचओएचे नियम परवानगी देतात का, ते वाचा. महिन्याचं साठवणुकीचं भाडं हा दुसरा हप्ताच असतो.

आणि हौस? हौसेला मोल नाही, हे मान्य. रोख पैसे हाताशी असतील, मुलांच्या कॉलेजचं बाजूला काढून झालं असेल आणि नवी बोट आवडली असेल, तर कुणाची ना नाही. फक्त हौसेला गरजेचं नाव देऊ नये, कारण गरजेपोटी माणूस कर्ज काढतो आणि हौसेपोटी सहसा काढत नाही.

इतकं सगळं करून बोट बदलायचीच ठरली, तर नवी कोरी पाहण्याआधी तीन-चार वर्षं वापरलेली रुंद, वेल्ड केलेली बोट पाहा. पहिल्या मालकाने घसाऱ्याचा मोठा घास सोसलेला असतो. ट्रान्समच्या उजव्या कोपऱ्यात कोरलेला १२ अक्षरी-अंकी क्रमांक कागदपत्रांशी जुळवा. त्यातले शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात. जुनी बोट विक्रेत्याला देताना राज्याचा विक्रीकर फक्त फरकावर लागतो का, ते विचारा, तसं अनेक राज्यांत आहे. तरीही बाहेर स्वतः विकली तर कर धरूनही जास्त मिळतात का, हा हिशोब कागदावर मांडा. जुन्या बोटीवरचा चांगला सोनार, ट्रोलिंग मोटर आणि लिथियम बॅटऱ्या विकण्याआधी उतरवून घ्या आणि नव्या बोटीची किंमत त्या वस्तूंशिवाय मागा. इंजिन बंद करणारी दोरी चालू आहे का, ते तपासा. २६ फुटांखालच्या बोटींवर वेगात असताना ती अंगाला अडकवणं १ एप्रिल २०२१पासून सक्तीचं आहे. अग्निशामकाच्या बुडावर बनावटीचं वर्ष पाहा. एकदाच वापरायचा असेल तर १२ वर्षांनी तो बाद होतो. आणि पैसे देण्याआधी बोट पाण्यात घालून चालवून पाहा, पण रिकामी नाही. जेवढी माणसं बसणार आहेत तेवढी बसवा, टाकी भरा, दोघांना एका काठाला उभं करा आणि वारा असलेला दिवस निवडा. सकाळच्या निवांत पाण्यात सगळ्याच बोटी चांगल्या चालतात, म्हणून दुपारची वेळ मागा.